मेळघाटात मुक्काम: कोलकास की सेमाडोह?

भुसावळच्या एका कुटुंबाने बऱ्हाणपूर-धारणी मार्गे मेळघाटात जायचे ठरवले आहे. आजी-आजोबा आणि मुले बरोबर असल्याने कोलकासचे वनविश्रामगृह घ्यावे की सेमाडोहच्या पर्यटक कुट्या, यावर त्यांचे एकमत होत नाही.

दोन्ही ठिकाणे सिपना नदीच्या खोऱ्यात आहेत, पण त्यांच्यामागची परंपरा वेगळी आहे. १८६४ मध्ये जर्मन वनतज्ज्ञ डिट्रिच ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश भारताचे वनखाते उभे राहिले आणि दौऱ्यावरील अधिकाऱ्यांच्या मुक्कामासाठी जंगलोजंगली विश्रामगृहे बांधली जाऊ लागली. त्यांत पर्यटक गृहीतच नव्हता, म्हणून खोल्या मोजक्या आणि आचारी साहेबांपुरता. कोलकास याच परंपरेतले आहे. मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आले, आणि पुढे सामान्य पाहुण्यांसाठी सेमाडोहसारखी संकुले लागली. माझ्या मते हा बदल स्वागतार्ह आहे, कारण जंगल पाहण्याचा हक्क ओळखीवर अवलंबून राहू नये.

खर्चात मोठ्या गटाला सेमाडोहचे सामूहिक निवास सोयीचे पडते. कोलकासला खोल्या थोड्या असल्याने आरक्षण फार आधी करावे लागते. शांतता मात्र तिथे अधिक. साधेपणा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे औषधे, विजेरी आणि थोडी शिदोरी बरोबर असावीच.

वृद्धांसह निवांत राहायचे असेल तर कोलकास घ्यावे. शाळेची सहल किंवा दोन-तीन कुटुंबे असतील तर सेमाडोह बरे.