आईची २४ तासांची बीपी टेस्ट : पैसे वसूल, पण दंडाचा कफ बघून घ्या

आधी सांगते की मी डोंबिवलीत एका मेडिकलवर काम करते, डी.फार्म झालंय, त्यामुळे बीपीच्या गोळ्या रोज हाताखालून जातात. तरी ही टेस्ट घरात कुणाची करायची वेळ आली नव्हती. गेल्या महिन्यात आईची केली. स्टेशनजवळच्या एका छोट्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये. १८०० रुपये घेतले. नाव देत नाहीये कारण काही तक्रारी पण आहेत.

झालं असं की आईचं बीपी दवाखान्यात गेलं की १६८/९६, कधी १७२, आणि घरच्या मशीनवर सकाळी १३०-१३२ च्या आसपास. दवाखान्यात पाय टाकला की वाढतंच तिचं. ऑलरेडी टेल्मीसार्टन आणि अॅम्लोडिपिन चालू आहे, डॉक्टर तिसरी गोळी लावायच्या बेतात होते. मी म्हटलं डॉक्टर, घरी एवढं नसतं हो. तर ते म्हणाले मग अंदाजाने गोळी नको वाढवायला, एकदा २४ तासांचं बीपी करून घ्या. आमच्याकडे लोक याला बीपी होल्टर म्हणतात, खरं नाव अॅम्ब्युलेटरी बीपी.

दंडाला कफ म्हणजे हवेने फुगणारा पट्टा, त्यातून एक नळी आणि कमरेला मोबाईलपेक्षा थोडा जाड डबा. आईच्या मशीनमध्ये दिवसा दर २० मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने आपोआप हवा भरायचं सेट केलं होतं. कफ फुगला की आहात तिथे थांबायचं, हात सरळ सोडायचा, बोलायचं नाही. कधी झोपलात, कधी उठलात, गोळी कधी घेतली ते कागदावर लिहायचं. आंघोळ नाही. आई भाजी चिरता चिरता कफ भरला की सुरी खाली ठेवून एकदम स्तब्ध उभी राहायची, शेजारच्या काकूंना वाटलं चक्कर आली.

आता पहिली तक्रार. टेक्निशियनने आईला जो कफ लावला तो नेहमीच्या मापाचा होता. आईचा दंड ३४ सेंटीमीटर आहे, मी घरी टेपने मोजून गेले होते. छोटा कफ जाड दंडाला लावला की आकडा खोटा जास्त येतो आणि मग चोवीस तासांचे सगळे आकडे खोटेच. मी मोठा मागितला तर आधी म्हणाला मॅडम सगळ्यांना हाच चालतो. नाही चालत! शेवटी आतून आणून दिला, म्हणजे होता त्यांच्याकडे, फक्त काढायचा कंटाळा. जे लोक हे विचारत नाहीत त्यांचं काय होत असेल, याचा मला खरंच त्रास झाला. अशा एका आकड्यावर माणसाला आयुष्यभराची गोळी लागते.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. दिवसाची सरासरी १३२/७९. म्हणजे दिवसा ठीक, १३५/८५ च्या आत. पण रात्रीची १२९/७६. रात्री १२०/७० च्या खाली पाहिजे. झोपेत बीपी साधारण दहा टक्के तरी उतरायला हवं आणि आईचं तीन टक्के पण उतरलं नव्हतं. रिपोर्टच्या खाली लिहिलं होतं नॉन-डिपर.

हे घरच्या मशीनवर कधीच कळलं नसतं, झोपलेल्या माणसाचं बीपी कोण घेणार. दवाखान्यात तर नाहीच नाही.

आईने विचारलं हे डिपर काय असतं गं, आणि मी घरी येऊन वाचत बसले, रात्री दीड वाजला. हा शब्द आयर्लंडमधल्या डब्लिनमधून आलाय. तिथले कार्डिऑलॉजिस्ट डॉ. ओअन ओ'ब्रायन आणि सहकाऱ्यांनी १९८८ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये एक छोटंसं पत्र छापलं, डिपर्स आणि नॉन-डिपर्स, की काहींचं बीपी रात्री उतरतं, काहींचं नाही, आणि न उतरणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका जास्त दिसतोय. एवढ्याशा पत्रातला शब्द आज डोंबिवलीतल्या रिपोर्टवर छापून येतो, मला हे फार भारी वाटलं.

ओ'ब्रायन यांचं काम वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवत होती. आपल्या क्षेत्रात सगळं नाव नवीन औषध शोधणाऱ्याचं होतं. फार्मसी कॉलेजात सर्पगंधा शिकवतात तेव्हा मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांचं नाव येतं, त्यांचा सर्पगंधा आणि बीपीवरचा पेपर १९४९ ला ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि मग जगभर ते औषध गेलं, वैद्यकीय संशोधनासाठीचं १९५७ चं लास्कर अवॉर्ड मिळालं त्यांना, अभिमान वाटतोच. पण कुठलंही बीपीचं औषध चालतं की नाही हे शेवटी मोजून कळतं ना, आणि मोजायचं यंत्रच चुकत असेल तर? ओ'ब्रायन यांनी वर्षानुवर्षं हाच प्रश्न धरून ठेवला. आधी डब्लिनच्या जर्व्हिस स्ट्रीटच्या जुन्या हॉस्पिटलमध्ये, मग ते बंद होऊन ब्यूमाँट हॉस्पिटल झालं तिथे. सोबत क्लिनिकल फार्माकॉलॉजीचे प्रोफेसर केव्हिन ओ'मॅली होते, आणि नील अॅटकिन्स वगैरे टीम.

त्यातली एक गोष्ट सांगतेच. तेव्हा रिसर्चसाठी रँडम झीरो म्हणून एक खास पाऱ्याचं यंत्र वापरायचे. त्याचा शून्य दर वेळी वेगळ्या जागी सरकायचा, खरा शून्य मोजणाऱ्याला नंतर कळायचा, म्हणजे त्याने मनाने १४० किंवा १५० असा गोल आकडा लिहू नये. कल्पना उत्तमच आणि सगळे त्यालाच प्रमाण मानायचे. १९९० मध्ये या डब्लिनच्या टीमने ते साध्या पाऱ्याच्या यंत्राशी ताडून बघितलं आणि दाखवलं की ते आकडा कमी दाखवतंय. ज्या यंत्राने बाकीची यंत्रं तपासायची तेच चुकत होतं! सगळे ज्याच्यावर विसंबून आहेत त्यालाच तपासायला हिंमत लागते.

त्याच वर्षी ब्रिटिश हायपरटेन्शन सोसायटीसाठी मशीन तपासायची पद्धत आली, तीही याच टीमच्या कामातून. ८५ माणसं, दोन ट्रेन केलेले निरीक्षक, मशीनचा आकडा आणि स्टेथोस्कोपचा आकडा ताडायचा आणि मशीनला ग्रेड द्यायची. १९९३ च्या सुधारित पद्धतीत ए ग्रेडसाठी ६० टक्के रीडिंग ५ च्या फरकात, ८५ टक्के १० च्या आणि ९५ टक्के १५ च्या फरकात यायला हवीत. आता २०१८ पासून जगभर एकच स्टँडर्ड आहे आणि स्ट्राइड बीपी नावाच्या साइटवर पास झालेल्या मॉडेल्सची यादी फुकट बघता येते. मी आमच्या दुकानात आता गिऱ्हाईकाला मशीन दाखवायच्या आधी मॉडेल नंबर तिथे टाकून बघते.

आणि रात्रीचं महत्त्व दाखवणारा मोठा अभ्यास पण त्यांच्याच टीमचा, २००५ चा डब्लिन आउटकम स्टडी. ५२९२ पेशंट, सुमारे साडेआठ वर्षं पाठपुरावा. त्यात दवाखान्यातल्या बीपीपेक्षा २४ तासांच्या बीपीने मृत्यूचा धोका जास्त नीट सांगितला आणि सगळ्यात जास्त रात्रीच्या बीपीने. हे वाचल्यावर आईचा तो १२९ आकडा मला वेगळाच दिसायला लागला.

परत सेंटरकडे येते. दुसरी तक्रार म्हणजे त्यांनी आधी फक्त सरासरीचं एक पान दिलं. मी सगळ्या रीडिंगचा तक्ता मागितला, दोनदा मागावा लागला. तो घ्याच, कारण किती रीडिंग फेल गेली ते त्यात कळतं. निदान ७० टक्के तरी नीट आलेली पाहिजेत, दिवसाची २० आणि रात्रीची ७ असावीत, नाहीतर टेस्ट परत करायची. आईची एकूण पाचच फेल होती.

चांगलं म्हणजे जागा स्वच्छ, वेळेत बोलावलं, बसवताना मुलीने आईशी खूप प्रेमाने बोलून सगळं मराठीत समजावलं, आणि रात्री साडेदहाला नळी निसटली तेव्हा फोन उचलला. झोपमोड होतेच, ते मान्य करून जा. आई तीन-चार वेळा जागी झाली. दंड दुसऱ्या दिवशी थोडा लाल होता, दुपारपर्यंत गेला. सैल बाहीचा ड्रेस किंवा ब्लाउज घाला आणि शक्यतो नेहमीची कामं करा, घरात झोपून राहिलात तर दिवसाचा आकडा खरा येणार नाही.

पाचपैकी चार स्टार. कफ स्वतःहून मोजून लावला असता तर पाच दिले असते.

डॉक्टरांनी तक्ता बघून तिसरी गोळी लावली नाही. त्याऐवजी आईला विचारलं, घोरता का, कारण झोपेत श्वास अडकत असेल तरी रात्रीचं बीपी उतरत नाही. आई म्हणाली नाही. बाबा शेजारीच बसले होते, त्यांनी मान हलवून हो म्हटलं. येत्या गुरुवारी तिची झोपेची टेस्ट आहे.