शेततळ्याचा कागद: चौदा महिन्यांचा अनुभव आणि बादलीने लावलेला गळतीचा छडा

माझ्या शेततळ्यात पाणी जमिनीत मुरू नये म्हणून ५०० मायक्रॉनचा कागद, म्हणजे प्लास्टिकचे अस्तर, अंथरले त्याला चौदा महिने झाले. कागदाची जाडी, खोदाईचा उतार, वॉरंटीची वर्षे ही माहिती वाचणाऱ्यांना असतेच, म्हणून ती पुन्हा देत नाही. पहिला पावसाळा संपल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पाणी हिशेबाबाहेर उतरू लागले आणि पुरवठादाराने ‘उन्हाने पाणी उडते, त्याला कागद काय करणार?’ असे म्हणून हात झटकले. त्यामुळेच हे लिहावेसे वाटले.

उन्हाने पाणी उडते हे खरेच आहे. पण किती उडते हे मोजल्याशिवाय भांडण्यात अर्थ नसतो. तळे काठावर २० बाय २० मीटर आणि ३ मीटर खोल आहे. ऐकताना १,२०० घनमीटर वाटतात, परंतु १:१.५ च्या उतारामुळे (दर मीटर खोलीला दीड मीटर आत) तळ ११ बाय ११ मीटरच उरतो आणि पाणी मावते ७४१ घनमीटर, म्हणजे ७ लाख ४१ हजार लिटर. हा आकडा कागद घेतानाच हाती असता तर पुढचे अर्धे गैरसमज टळले असते.

पातळी मोजण्यासाठी मी उतारावर रंगाने खुणा केल्या होत्या. या कागदावर रंग धरत नाही. महिन्याभरात पापुद्रे सुटले. त्याहून मोठी चूक अशी की दर १० सेंटिमीटरला खूण केली होती, ती उतारावरून मोजून. या उतारावर १० सेंटिमीटर खोलीसाठी कागदावर सुमारे १८ सेंटिमीटर अंतर लागते. मग निवार पट्टीवर नव्याने खुणा केल्या, ती बांधावरच्या खुंटीला बांधली आणि खालच्या टोकाला वाळूची पिशवी लावून उतारावरून पाण्यात सोडली. उतारामुळे खुणा ताणल्या जातात, याचा उलट फायदाच झाला: १४ मिलिमीटरची घट पट्टीवर २५ मिलिमीटर दिसते आणि डोळ्यांनी सहज वाचता येते.

आता बादलीविषयी, कारण या सगळ्या अनुभवात मला सर्वांत मोलाची वाटलेली वस्तू कागद नसून ही जुनी बादली आहे. तिच्यात दगड ठेवून ती तळ्याच्या पाण्याच्या पातळीपर्यंत भरली आणि काठावरून निम्मी पाण्यात बुडेल अशी पक्की बांधली, म्हणजे आतले पाणी तळ्याइतकेच तापते. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद ठेवून चोवीस तासांनी दोन्हीकडची घट मोजली. बादलीतून फक्त उडणारे पाणी जाते. तळ्यातून उडणारे आणि गळणारे, दोन्ही जाते. तळ्यात २.८० मीटर पाणी असताना बादलीत ६ मिलिमीटर घट आली आणि तळ्यात १४. त्या पातळीला पाण्याचा पृष्ठभाग सुमारे ३७६ चौरस मीटर असतो, म्हणजे जास्तीचे ८ मिलिमीटर हे रोजचे तीन हजार लिटर झाले. दर झाडाला तीस लिटर धरले तर शंभर फळझाडांचे एका दिवसाचे पाणी रोज जमिनीत जात होते.

हे आकडे वहीत मांडून पुरवठादाराला पाठवले, तेव्हा ‘वॉरंटी कागदाची आहे, जोडाची नाही’ असे उत्तर आले. मी तोपर्यंत जोडाचे नावही काढले नव्हते, हे येथे नोंदवून ठेवतो.

पहिल्या चार महिन्यांत ज्यांनी ज्यांनी विचारले त्या सर्वांना मी ‘हा कागद घेऊ नका’ असे सांगितले. ते चुकीचे होते आणि मी ते मागे घेतो. पातळी २.४० वर आली तेव्हा बादलीत ६ आणि तळ्यात १२ मिलिमीटर घट होती, म्हणजे फरक कमी होत चालला होता. २.१० च्या खाली गेल्यावर दोन्हीकडे सारखेच ५ मिलिमीटर उतरू लागले. गळती तळाला असती तर ती थांबलीच नसती; ती २.१० च्या रेषेवरच होती, आणि वर पाण्याचा दाब कमी होत गेला तसतशी मंदावत गेली. त्या उंचीच्या रेषेवर दोन तास फिरून, ओणवे होऊन पाहिल्यावर ईशान्येच्या कोपऱ्यात कागदाची घडी हाताने चिकटवलेल्या ठिकाणी बोटभर लांबीची फट सापडली. कागद स्वतः शाबूत होता.

कागदाच्या पट्ट्या जोडताना यंत्राने दुहेरी वेल्डिंग केले की दोन शिवणींच्या मध्ये पोकळी राहते. तिच्यात हवा भरून दाब टिकतो का ते पाहता येते. हाताने केलेल्या जोडाला ही सोय नसते, म्हणून कोपऱ्यांवर काम चालू असताना स्वतः उभे राहावे. सात फोन केल्यावर पुरवठादाराचा माणूस आला आणि पातळी खाली असल्यामुळे कोरड्या कागदावर गरम हवेने ठिगळ नीट बसले. मात्र त्याच्या येण्याजाण्याचा खर्च माझ्याकडूनच घेतला गेला, आणि ही गोष्ट मला अजूनही पटलेली नाही.

तळ्यात येणाऱ्या पाण्यातला गाळ आधी अडवणारी गाळकुंडी छोटी पडली, ती या उन्हाळ्यात दुप्पट केली. पाणलोटाबाबत, म्हणजे ज्या जमिनीवरून पाणी वाहत तळ्यात येते त्या क्षेत्राबाबत, एवढेच सांगतो की तळ्याआधी तो मोजावा. इस्रायलमधील नेगेव्ह वाळवंटात, जेथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एव्हेनारी यांनी अवदात येथील प्राचीन शेतीचा अभ्यास केला, तेव्हा एक हेक्टर पिकामागे वीस ते तीस हेक्टरांवरचे पाणी आणले जात असल्याचे दिसले. माझ्या दीड हेक्टरावर ४० मिलिमीटर पाऊस पडून त्याचा पाचवा हिस्सा वाहिला तरी १२० घनमीटरच येते. तळे भरायला असे सहा पाऊस लागतात.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. ओल्या कागदावर पाय ठरत नाही आणि पडलेला माणूस वा जनावर आपणहून वर येऊ शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडा, कुंपण घाला आणि मोजमापाला एकट्याने जाऊ नका.

सध्या आठ दिवसांची उघडीप आहे आणि तळे २.९० मीटरपर्यंत भरलेले आहे. काल सकाळी पुन्हा बादली बांधली होती. आज तिच्यात ४ मिलिमीटर उतरले आणि तळ्यातही ४.