‘ही साइज कंपनीनं बंद केली’ असं सांगून माझ्या पल्सरला भलताच टायर चढवला

मागचा टायर बदलायला गेलात आणि दुकानदार म्हणाला, “ही साइज आता येत नाही,” तर गाडी स्टँडवर चढवू देऊ नका. तिथूनच परत फिरा. माझ्या बाबतीत सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी होती. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, आमच्या साताऱ्यातल्याच आणखी दोघांना हेच ऐकवून त्यांच्या गाड्यांना नको ते टायर चढवले होते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी 2014 ची पल्सर 150, पुढे एकच डिस्क ब्रेक असलेली. मागच्या टायरवर छापलेली कंपनीची साइज 100/90-17, ट्यूबलेस. 2022 च्या पावसाळ्याच्या तोंडावर टायर गुळगुळीत झाला होता आणि कामासाठी पुण्याला गेलोच होतो, म्हणून तिथल्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव, रस्ता इथे देत नाही. साइज मी काउंटरवर तोंडी सांगितली आणि कागदावर लिहूनही दिली.

दुकानदार आत जाऊन आला आणि म्हणाला, “साहेब, शंभर-नव्वद बंद झाला. आता सगळ्या पल्सरना 130/70 बसवतात. उंची सेम टू सेम, फक्त रुंदी जास्त. घाटात गाडी चिकटून जाते.” मी विचारलं, रिमला चालेल का? तो म्हणाला, “सतरा इंचीच आहे ना? मग झालं.” आणि मोबाइलवर हिशोब करून दाखवला.

त्यानं केलेला हिशोब खरा होता, म्हणूनच तो माणूस घातक. 100/90-17 म्हणजे रुंदी 100 मिलिमीटर, त्या रुंदीच्या 90 टक्के उंचीची भिंत आणि 17 इंची रिम. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि रिम मिळून व्यास होतो सुमारे 612 मिलिमीटर. 130/70-17 चा व्यास येतो सुमारे 614. दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे काहीच नाही. आकडे बरोबर, पण त्यानं सांगितले ते फक्त उंचीचे. रिमच्या रुंदीचा विषय त्यानं निघूच दिला नाही. 17 हा रिमचा व्यास आहे. रिम किती रुंद आहे ते त्यातून कळत नाही. 130/70-17 टायरला साधारण 3 ते 4 इंच रुंदीची रिम लागते, साडेतीन इंची सगळ्यात योग्य. हा टायर पल्सर एनएस 200 सारख्या गाड्यांचा. माझ्या गाडीची रिम त्यापेक्षा बरीच अरुंद. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगून वर येतो. रस्त्याला टेकणारा पट्टा वाढत नाही, उलट सरळ रस्त्यावर गाडी मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावरच धावते. ज्या ग्रिपच्या नावानं पैसे घेतले, तीच कमी होते.

टायर चढवताना मला काउंटरवर बसवून ठेवलं. बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं हवं असेल तर 28 टक्के वर लागतील.” टायरवर तेव्हा 28 टक्के जीएसटी होता हे खरं (सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला आहे). पण एमआरपी म्हणजे सगळे कर धरूनच असलेली किंमत, तिच्यावर आणखी कर लागत नाही. हे मी त्याला सांगितलं, तेव्हा नवीन टायरवरचं किमतीचं स्टिकर दाखवायला स्टिकरच शिल्लक नव्हतं. शेवटी 3,400 रुपये यूपीआयनं दिले आणि हातात एक चिठ्ठी पडली. त्यावर लिहिलं होतं: ‘टायर 1 नग, फिटिंगसह’. साइज नाही, कंपनी नाही, जीएसटी क्रमांक नाही.

येताना खंबाटकी घाट चढावा लागला. मागे बायको बसलेली, दोन पिशव्या. पहिल्याच मोठ्या वळणाला गाडी झुकवताना जड गेली, आणि झुकल्यावर एकदम पडल्यासारखी आत गेली. घाटमाथ्यावर डाव्या बाजूनं खर्र-खर्र असा आवाज यायला लागला. खड्ड्यात गाडी दबली की आवाज वाढायचा. पुढे सुरूरला थांबून पाहिलं तर टायरच्या डाव्या भिंतीवर चेनच्या तेलाची काळी, चकचकीत रेघ पूर्ण गोल उमटली होती. रेघेवर नख फिरवलं तर रबर खरवडलेलं लागत होतं. चेन ढिली होऊन हलली की टायरला घासत होती. चालत्या गाडीत चेननं टायरची भिंत कापली तर मागे बसलेल्या माणसाचं काय होईल, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी चेन आणि टायरच्या मधे पोस्टकार्ड घालून पाहिलं, ते अडकलं. मग बॅटरी (टॉर्च) घेऊन खाली वाकले आणि म्हणाले, “बाळ, टायर उलटा आहे.”

मोटारसायकलच्या बहुतेक टायरच्या भिंतीवर तो कुठल्या दिशेनं फिरायला हवा याचा बाण असतो. माझ्या टायरचा बाण मागे दाखवत होता. नक्षीतल्या खाचा पाणी बाहेर टाकायला एका दिशेनं आखलेल्या असतात, त्यामुळे उलटा टायर पावसात पाणी नीट काढत नाही. मला आधी वाटलं, फिटरच्या हातून चूक झाली असेल. पण मेस्त्रींनी बॅटरी चेनच्या बाजूला फिरवली. तिथे, चेनकव्हर आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मागे, छोट्या चौकटीत चार आकडे होते: 3117. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे 2017 सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. जवळजवळ पाच वर्षं पडून राहिलेला. हा आकडा बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतो. टायर सरळ चढवला असता तर तो उजव्या बाजूला, उघड्यावर दिसला असता. टायर उलटा करून तो चेनच्या बाजूला लपवला होता. ही चूक नव्हती, असं माझं ठाम मत आहे. आधी सांगितलेल्या दोघांपैकी एकाच्या गाडीचा बाणही तसाच उलटा निघाला.

टायर वापरला नाही तरी रबर कडक होत जातं. त्या टायरच्या भिंतीवर अंगठा दाबला तर शेजारच्या गाडीच्या नव्या टायरपेक्षा ते कडक आहे हे हाताला कळत होतं. मी चिठ्ठी घेऊन परत गेलो. उत्तर ठरलेलं होतं: “एकदा चढवलेला टायर परत घेत नाही.” पाचशे रुपये देऊन मिटवायला बघत होता, ते मी घेतले नाहीत.

इथे ग्राहकाच्या बाजूनं कायदा आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेही त्यातच येतं. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ती 30 दिवस धरली जाते. म्हणजे बिल न दिल्यामुळे दुकानदार सुटत नाही, उलट तोच आणखी अडकतो. मी यूपीआयचा पुरावा, चिठ्ठी, बाण आणि 3117 चे फोटो, आणि मेस्त्रींनी सही करून लिहून दिलेला कागद, हे सगळं जोडून रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. साध्या कागदावर, स्वतःच्या हातानं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावरही तक्रार नोंदवली. नोटीस पोचल्यावर दुकानातून फोन आला आणि 2,500 रुपये परत मिळाले. उरलेले नऊशे मी सोडले, कारण रोज पुण्याला खेपा घालणं मला शक्य नव्हतं. ज्यांना शक्य असेल त्यांनी सोडू नयेत. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

100/90-17 टायर मला साताऱ्यातच मिळाला. ही साइज एमआरएफ, सिएट, टीव्हीएस सगळ्याच बनवतात. बंदबिंद काही झालेली नव्हती.

रुंद टायरची हौस असणाऱ्यांनाही एक सांगतो. पल्सर 150 च्या दोन डिस्कच्या मॉडेलला कंपनीच 120/80-17 देते, मग आपल्याला का नाही, असा सवाल दुकानदार करतो. त्या मॉडेलचा व्हीलबेसही (दोन चाकांमधलं अंतर) वेगळा आहे, मागची बाजूच वेगळी बांधलेली आहे. नाव एक असलं म्हणून चाक एक होत नाही. आणि उलटी फसवणूकही होते: स्वस्तात देतो म्हणून 90/90-17 गळ्यात मारतात. 100/90-17 वर 55P असं छापलेलं असतं, त्यातला 55 म्हणजे 218 किलो भार आणि P म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंतचा वेग. 90/90-17 वर बहुधा 49 असतो, म्हणजे 185 किलो. तेहतीस किलोंचा फरक. डबलसीट आणि सामान घेऊन जाणाऱ्याला तो परवडणारा नाही. फोनवर टायर मागवताना 17 आणि 18 यांचा घोळ तर नेहमीचाच, 100/90-18 हा वेगळ्या गाड्यांचा टायर आहे आणि तो 17 च्या रिमवर बसत नाही.

टायर गाडीवर चढण्याआधी, तो जमिनीवर आडवा असतानाच मोबाइलनं दोन्ही भिंतींचे फोटो काढा: साइज, 55P सारखा आकडा, चार आकडी तारीख, बाण आणि आयएसआयचा शिक्का. दुकानदार फोटो काढू देत नसेल तर टायर घेऊ नका. बिलावर साइज आणि ते चार आकडे लिहून घ्या. स्वतःच्या गाडीची साइज दुकानदाराला विचारू नका, ती मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवर टायरचं स्टिकर असेल तर त्यावर पाहा. जुना टायर मूळचा असेल तर त्याच्यावरही असते.

आणि ज्यांनी गेल्या महिनाभरात ‘साइज बंद झाली’ हे ऐकून टायर बदलला असेल, त्यांनी आजच गाडी मधल्या स्टँडवर लावा, चेनच्या बाजूला बॅटरी मारून चार आकडे वाचा, चेन आणि टायरच्या मधून बोट जातं का पाहा. बोट घालण्याआधी इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलला. काही वावगं दिसलं तर गाडी डबलसीट चालवू नका आणि 30 दिवस उलटायच्या आत लेखी नोटीस टाका.