गच्ची, शाळेचं आवार की पालिकेचं मैदान? मुंबईत सामुदायिक बागेचा उपक्रम काढण्याआधी

सामुदायिक बाग आणि निसर्गफेऱ्या असा उपक्रम काढायचाय म्हणून भेटायला येणारे बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, ‘ट्रस्ट काढू की कंपनी?’ आठ वर्षं पूर्व उपनगरांत हेच काम करतेय. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: जागा कोणाची? ती कोण आणि कधी परत मागू शकतं, यावर तुमचं पीक ठरतं, सोबतची माणसं ठरतात आणि पैसे कुठून येणार तेही ठरतं. नोंदणीचा कागद त्यानंतरचा. म्हणून निवडी त्याच क्रमाने मांडते.

जागा

मुंबईत नवख्या गटापुढे तीनच जागा असतात: सोसायटीची गच्ची, शाळेचं आवार आणि पालिकेचं उद्यान किंवा मैदान.

गच्ची सगळ्यांना आधी सुचते, कारण ती रिकामी दिसते. शिवाय या शहरात गच्चीवरच्या शेतीला चांगली परंपरा आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं आणि घरचा ओला कचरा वापरून गच्चीवर भाजी काढून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. हे ऐकून हुरूप येतो, यायलाच हवा. पण त्या बागा कशावर उभ्या होत्या ते नीट बघा: चिपाडं, पालापाचोळा, कुजलेला कचरा. नुसत्या मातीवर नव्हे.

कारण वजन. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल एवढी ओली माती साधारण ४५ ते ५० किलो भरते. वापरातल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४ किलो. लाल मातीचे फूटभर खोल वाफे गच्चीभर पसरले तर तो भार तिपटीच्या वर जातो. त्यामुळे अमृतमातीसारखं, म्हणजे मुख्यतः कुजवलेल्या पालापाचोळ्याचं हलकं मिश्रण, अर्ध्या फुटाच्या आत खोली आणि वाफे तुळया-खांबांच्या रेषेवर, याला पर्याय नाही. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर तिला स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. तो अहवाल मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी गच्ची शोधा.

गच्ची सगळ्या सभासदांची असते. सेक्रेटरी ‘करा हो खुशाल’ म्हणाले, हे पुरेसं नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि त्यात मुदत, पाण्याचं बिल, गळती झाल्यास जबाबदारी कोणाची, हे लिहिलेलं हवं. माझी पहिली बाग एका गच्चीवर होती. अकराव्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या घरात ओल आली, समितीही नुकतीच बदलली होती, आणि पंधरा दिवसांत सगळे वाफे उतरवावे लागले. ओल बागेमुळे आली की जुन्या वॉटरप्रूफिंगमुळे, हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आता वाफे मांडण्याआधी खालच्या प्रत्येक घराच्या छताचे तारखेसकट फोटो काढते. वांग्यांनी लगडलेली ती झाडं उपटताना रडू आलं होतं.

गच्चीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा मात्र आहे. २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा निघणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, हे पालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून बंधनकारक केलं. अशा सोसायटीला खत करणारं माणूस हवंच असतं. खताचं काम दरमहा ठरावीक पैशांवर घ्या आणि बाग त्याच्या जोडीने मागा. मग तुम्ही त्यांच्या दारात उपकार मागायला उभे नसता.

शाळेचं आवार मला सगळ्यांत जास्त पटतं. जमीन खाली असते, वजनाचा घोर नाही. मुलं रोज येतात, आणि मुलांमागून पालक. अनेक मराठी शाळांत पट कमी झालाय, आवार मात्र तेवढंच आहे. तिथे एक वाफा फुलला की शाळेलाही पालकांना दाखवण्यासारखं काही मिळतं, आणि हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. मेथी पाचव्या-सहाव्या दिवशी उगवलेली दिसते, तेव्हा दुसरीतली मुलं रांग मोडून धावतात.

अडचण सुट्टीची. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद, शिपाईकाका कोकणात गावी, आणि झाडांना पाणी लागतं ते नेमकं तेव्हाच. गणपती आणि दिवाळीतही थोडं तेच. म्हणून शाळेच्या बागेत कढीपत्ता, शेवगा, गवती चहा, अळू अशी टिकाऊ झाडं निम्मी तरी ठेवा आणि सुट्टीतल्या पाण्यासाठी शेजारच्या दोन कुटुंबांशी आधीच बोलून ठेवा. मुख्याध्यापक निवृत्त झाले की सगळं पुन्हा समजावावं लागतं, म्हणून पत्र शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून घ्या.

पालिकेच्या जागेबद्दल थोडक्यात सांगते. मोकळ्या जागा दत्तक देण्याचं धोरण मुंबईत फार वादाचं ठरलंय. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या धोरणाला लोकांच्या विरोधानंतर स्थगिती मिळाली. मैदानं सगळ्यांची राहावीत हा तो विरोध मला योग्यच वाटतो. लहान गटाने तिथे कायमचे वाफे मागू नयेत. वॉर्डातल्या उद्यान विभागाच्या परवानगीने महिन्यातून एखादी कार्यशाळा घ्यावी, तेवढं पुरे.

तिन्ही ठिकाणी एक काळजी सारखीच: ड्रम आणि कुंडीखालच्या थाळ्या. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर पालिकेची नोटीस येते, आणि ती आली की बागेबद्दलचं शेजाऱ्यांचं प्रेम आटतं.

वाफे की पायवाटा

भाजी विकून पगार निघत नाही. हे पहिल्याच दिवशी मान्य केलं की पुढचं सोपं जातं. बागेतून माणसं मिळतात आणि पैसा येतो तो कार्यशाळा, खताची कामं, शाळांचे वार्षिक करार आणि निसर्गफेऱ्यांतून.

बाग आणि फेऱ्या यांत एकच निवडावं का? वर्षाचं गणित बघा. जून ते सप्टेंबर गच्चीवरचा पालक-मेथी सडतो, मिरचीवर पिठ्या ढेकूण चढतो. पण त्याच दिवसांत टाकळा, कुरडू, फोडशी या रानभाज्या ओळखायला बाहेर पडण्यासारखा दुसरा काळ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीला उत्तम. मे महिन्यात बाग जेमतेम जगवायची असते, मुलं मात्र मोकळी असतात, म्हणजे शिबिरांचे दिवस. एकाची पडती बाजू दुसरं सावरतं. मी दोन्ही करा म्हणेन. मात्र फेऱ्यांची जबाबदारी वेगळ्या माणसाकडे द्या, कारण रविवारी सकाळी एकच माणूस वाफ्यापाशी आणि खाडीवर असू शकत नाही.

फेरीसाठी जागा निवडतानाही फरक आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेहमीच्या रस्त्यापलीकडच्या पायवाटांवर वनविभागाची परवानगी लागते, आणि सोमवारी पर्यटकांसाठी उद्यान बंद. शिस्त आपसूक येते, पण तारखा तुमच्या हातात नसतात. माहीम-धारावीच्या कडेचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान लहान मुलांच्या पहिल्या फेरीसाठी माझ्या सर्वांत आवडीचं. पूर्वीच्या कचराभूमीवर ३७ एकरांत वाढवलेली ही वनराई १९९४ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ‘इथे आधी कचरा होता’ हे वाक्य ऐकल्यावर मुलं पायाखालची माती वेगळ्या नजरेने बघतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. थंडीत रोहित बघायला जायचं तर भरतीचं वेळापत्रक आधी, बसचं नंतर. पाणी चढू लागलं की पक्षी काठाकडे सरकतात.

खडकाळ किनाऱ्याला तिकीट नाही, पण सर्वांत जास्त अक्कल तिथेच लागते. कोळी मंडळी तिथीवरून उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (कमी भरती-ओहोटी) सांगतात, ते शिकून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची ओहोटी खोल जाते, खडक उघडे पडतात. भांगाच्या दिवशी नेलेला गट निराश होऊन परततो. फेरीला दर आठ-दहा मुलांमागे एक जाणतं माणूस, पालकांची लेखी संमती आणि अपघात विमा, यांत काटकसर नको. रॅपलिंग, रात्रीचा मुक्काम, गडांवरचे ट्रेक सुरू करणार असाल तर राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण वाचा. त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली आहे. पहिल्या वर्षी यात पडूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रस्ट, सोसायटी की कलम ८ कंपनी

आता तो पहिला प्रश्न. ‘सामाजिक उद्योग’ असा वेगळा कायदेशीर साचा आपल्याकडे नाही, त्यामुळे असलेल्यांतूनच निवडायचं.

ट्रस्टची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली होते, मुंबईत वरळीच्या धर्मादाय कार्यालयात. देणगीदारांना आणि शाळांना हे नाव ओळखीचं वाटतं. पण विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो आणि तो मंजूर होण्यात वेळ जातो. सोसायटीला (इथे गृहनिर्माण सोसायटी नव्हे, सभासदांची नोंदणीकृत संस्था) १८६० च्या कायद्याखाली किमान ७ माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात तिची ट्रस्ट म्हणूनही नोंदणी होते. मतदान करून चालणारी मोहल्ल्याची संस्था हवी असेल तरच हा मार्ग.

कलम ८ कंपनी, म्हणजे कंपनी कायद्यातली ना-नफा कंपनी, दोघांतही निघते, नोंदणी ऑनलाइन होते, संचालक बदलणं सोपं. नफा वाटता येत नाही, तो उद्देशासाठीच वापरायचा. खर्चाची बाजू मात्र खरी आहे: एक रुपया मिळकत नसली तरी ऑडिट आणि वार्षिक विवरणपत्रं चुकत नाहीत, आणि उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये वाढत जातात. दोन महिने विसरलात तर एका अर्जाचे ६,००० रुपये, म्हणजे आमच्यासारख्यांच्या एका सीझनचं बियाणं.

तिघांपैकी काहीही निवडा, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा लगेच मिळेल असं धरू नका. त्यासाठी प्राप्तिकराच्या सवलतीच्या नोंदण्या, सीएसआर-१ अर्ज आणि अशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय कंपन्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे ‘आत्ताच्या आत्ता झाडं लावा’ असा फोन फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. मार्चमध्ये लावलेलं रोप मे महिन्यात मरतं. अशा वेळी पैसे वाफे, पाण्याची टाकी, ठिबक नळ्या यांवर खर्चायला सांगा आणि लागवड पावसावर ठेवा. ऐकणारे ऐकतात.

शुल्काच्या मिळकतीबाबत उद्देशाचे शब्द सीएसोबत बसून लिहा. प्राप्तिकर कायद्यात पर्यावरणाचं जतन आणि शिक्षण हे स्वतंत्र धर्मादाय उद्देश आहेत. तुमचं काम ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ या खान्यात पडलं, तर व्यापारी स्वरूपाची मिळकत एकूण मिळकतीच्या २० टक्क्यांपुढे गेल्यावर त्या वर्षीची करसवलत जाते. फेऱ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या संस्थेला ही मर्यादा फार लवकर गाठता येते.

स्वतःला किंवा भागीदाराला नफा घ्यायचा असेल तर तसं उघड सांगून साधा व्यवसाय काढा. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त देणगी मागू नका.

दोघी-तिघी मिळून सुरू करत असाल तर मी असं सुचवेन: पहिलं वर्ष एक शाळा आणि महिन्याला एक फेरी, नोंदणीशिवाय, पण पै न पैचा हिशेब लिहून. दुसऱ्या वर्षी कलम ८ कंपनी. गच्ची तिसऱ्या वर्षी, आणि तीही खताचं काम देणाऱ्या सोसायटीचीच. आजूबाजूचे निवृत्त शिक्षक, डॉक्टर अशी जुनी ओळखीची माणसं पाठीशी असतील आणि पैसा मुख्यतः देणग्यांचा असेल, तर कंपनीऐवजी ट्रस्ट.

शाळेला पत्र मार्चमध्ये द्या, परीक्षांच्या गडबडीआधी. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. त्याच्या आसपास पहिली मोठी सर येईल, तेव्हा छत्री घेऊन आवारात तासभर उभे राहा आणि पाणी कुठे साचतं तिथे काठी रोवून खूण करा. त्या खुणा सोडून उरलेल्या जागेत वाफे आखा.