तयार भाजीचं पाकीट: खोक्यावरची हंडी आणि आतली भाजी

किराणा दुकानातल्या 'रेडी टू ईट' कप्प्यात कंपन्या वेगळ्या असल्या तरी चित्र एकच असतं. तांब्याची हंडी, लाकडी पाट, वर सायीची नक्षी, कोथिंबिरीचं टवटवीत पान आणि हमखास वाफ. कारखान्याचा मागमूस नाही. खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं की चित्र फक्त वाढणीची कल्पना देण्यापुरतं आहे. थोडक्यात, कोथिंबीर आणि हंडी तुमची तुम्ही आणायची.

सगळा भार चित्रावर, कारण आतलं काहीच दिसत नाही. नेहमीचं पाकीट पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम फॉइल आणि पॉलिप्रॉपिलीन अशा थरांचं असतं. फॉइल उजेड आणि हवा दोन्ही अडवते. पदार्थ भरून सील केलेलं पाकीट दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसला तापवतात, मोठ्या प्रेशर कुकरात घातल्यासारखं. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं सैन्याच्या शिध्यासाठी या तंत्रावर काम केलं आणि पुढे ते खासगी कंपन्यांकडे गेलं. जंतू या उष्णतेनंच मरतात, म्हणून 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही' हा दावा बहुतेक वेळा खरा असतो. आपल्याकडे मात्र नेमक्या त्याच ओळीवर कुणाचा विश्वास बसत नाही ("मग वर्षभर टिकतं कसं?"), आणि हंडीवर लगेच बसतो.

चित्र सगळ्यात जास्त फसवतं ते पालक पनीरमध्ये. एवढ्या उष्णतेत हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. खोक्यावरचा पोपटी पालक पाकिटातून निघणं शक्यच नाही, कंपनी कुठलीही असो. भेंडी गळते, बटाट्याच्या कडा विरघळतात, पनीर रबरी होतं. दाल मखनी, राजमा आणि छोले मात्र उत्तम टिकतात, कारण हे पदार्थ मुळात जास्त शिजलेलेच चांगले लागतात. या कप्प्यावर पंजाबी रश्शांचं राज्य आहे त्यामागे हेही एक कारण आहे. परतलेली मेथी किंवा काचऱ्या पाकिटात मागू नका.

३०० ग्रॅमचं पाकीट 'दोघांसाठी' म्हणतात. वाट्याला १५० ग्रॅम, म्हणजे वाटीभर येतं. पोळीबरोबर भाजी तेवढीच असेल तर अपुरं. मागच्या तक्त्यातला सोडियमचा आकडा बहुधा १०० ग्रॅमचा असतो, अख्खं पाकीट खाणाऱ्यानं त्याची तिप्पट करावी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत आहे.

गरम करताना बंद पाकीट उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं ठेवतात. फॉइलचं पाकीट मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, ठिणग्या उडतात. भाजी काचेच्या भांड्यात काढावी. खरी सुधारणा कढईत होते: चमचाभर तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, मग भाजी आणि दोन-तीन चमचे पाणी. बंद पाकिटात फोडणीचा वास मरतो, तो असा परत येतो.

आता मानाचा प्रश्न. गुलाबजामचं तयार पीठ वापरल्याचं कुणी लपवत नाही, कारण मळणं, तळणं आणि पाक करणं घरीच होतं. पाकिटातल्या राजम्यात करायला काही उरत नाही, म्हणून तो प्रवासात चालतो, परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत चालतो, पण पाहुण्यांना वाढताना खोका आधी कचऱ्यात जातो. दौंड तालुक्यातल्या भांडगावच्या कारखान्यात तयार होणारी 'टेस्टी बाइट'ची पाकिटं अमेरिकेत रोजचं साधं जेवण म्हणून विकली जातात. तिथे त्यांना आईच्या हाताशी स्पर्धा करावी लागत नाही. इथे खोक्यावर हंडी छापावी लागते ती त्यासाठीच. नोकरी करून दमून आलेल्या बाईनं हे पाकीट उघडलं तर तिला टोमणा बसतो, एकट्या राहणाऱ्या पुरुषानं उघडलं तर त्याची कीव येते.

घेताना चित्र सोडून मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिणं बंधनकारक आहे. पनीरच्या भाजीत पनीर पाणी, कांदा, टोमॅटो आणि तेलानंतर आलं, तर खोक्यावरचे सहा ठळक चौकोन विसरा. खोका हलकेच दाबून बघा. पाकीट फुगलेलं किंवा कडेनं ओलसर लागलं तर घेऊ नका, आणि घरी आणल्यावर तसं आढळलं तर चाखूनही बघू नका.