मराठी कादंबरी ऐकायची, तर कोणत्या रूपात?

आजची मराठी कादंबरी ऐकून बघावी म्हणून ॲप उघडलं की पहिल्या पाच मिनिटांतच गोंधळ होतो. एकाच यादीत तीन निराळ्या गोष्टी शेजारीशेजारी दिसतात. छापील कादंबरीचं एका आवाजातलं सलग वाचन, फक्त ऐकण्यासाठी लिहिलेली भागांची मालिका आणि चार-सहा कलाकारांनी मिळून केलेलं नाट्यरूप. तिन्हींवर ऑडिओबुक असंच लिहिलेलं असतं, अनुभव मात्र पार वेगळे आहेत. नागपुरात माझ्या ओळखीतल्या बऱ्याच वाचणाऱ्या माणसांनी पहिलंच पुस्तक अर्ध्यावर सोडलं आणि 'आपल्याला हे जमणार नाही' असं ठरवून टाकलं. त्यांच्याशी बोलल्यावर दर वेळी हेच कळलं की पुस्तक बरं होतं, निवडलेला प्रकार त्यांच्या स्वभावाचा नव्हता.

माझं मत आधीच सांगते. आवाज आधी निवडा, मग पुस्तक, आणि ॲप सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट्या क्रमानं जातात.

एका आवाजातलं सलग वाचन

यात एक निवेदक पूर्ण कादंबरी वाचतो. अडीचशे पानांचं पुस्तक साधारण नऊ ते अकरा तास चालतं. जिथं घडतं कमी आणि मनात चालतं जास्त, अशा कादंबरीसाठी मला याच्याहून चांगला प्रकार माहीत नाही. प्रथमपुरुषी निवेदन असेल तर फारच उत्तम, कारण एकच माणूस आपल्याशी बोलतोय हे कानाला लगेच पटतं.

पण सगळ्यात जास्त निराशाही इथंच होते. रंगमंचाची किंवा मालिकांची सवय असलेले काही आवाज प्रत्येक ओळ करून दाखवतात. दुःखाच्या ओळीला गळा दाटतो, रागाच्या ओळीला दात आवळले जातात, आणि बाईचं पात्र बोलायला लागलं की पुरुष निवेदक आवाज बारीक करतो. या शेवटच्या सवयीचा मला मनापासून त्रास होतो. पन्नाशीची, नोकरी करून घर चालवलेली बाई अशा लाडिक आवाजात बोलू लागली की ती कादंबरीतली बाईच राहत नाही. लेखकानं मुद्दाम कोरडं ठेवलेलं वाक्य रडवेलं करून वाचलं, तर लेखकाची सगळी मेहनत पुसली जाते. मला आवडणारे निवेदक आवाज बदलत नाहीत, गती बदलतात. संवाद थोडा लवकर घेतात, वर्णनाला सैल सोडतात, आणि दोन पात्रांच्या मध्ये श्वासाएवढी जागा ठेवतात. तेवढ्यावर कोण बोलतंय ते बरोबर कळतं.

दुसरी गोष्ट छोटी वाटेल, पण तिच्यामुळे चांगली कादंबरी कानातून निसटते. छापील पानावर प्रसंग बदलला की मध्ये कोरी ओळ असते. ऐकताना तिच्या जागी दोन-तीन सेकंदांची शांतता हवी. काही ध्वनिमुद्रणांत संपादन करताना ही शांतता कापून टाकतात. मग नायिका वर्ध्याच्या घरात भात टाकत असते आणि पुढच्याच वाक्यात ती वीस वर्षांपूर्वीच्या हॉस्टेलवर असते. आपण मागे जाऊन पुन्हा ऐकतो, तरी उलगडत नाही. काळ मागे-पुढे करणारी कादंबरी असेल तर नमुना ऐकताना ही जागा मुद्दाम शोधा.

आजच्या कादंबऱ्यांत व्हॉट्सॲपवरचे संवाद, मेल, डायरीची पानं भरपूर असतात. कागदावर ती नजरेनं झरकन जातात. कानाला प्रत्येक मेसेजच्या आधी नाव आणि वेळ ऐकावी लागते, आणि चार पानांत जीव मेटाकुटीला येतो. अशी पुस्तकं मी छापीलच वाचते आणि तुम्हालाही तेच सांगेन.

ऐकण्यासाठीच लिहिलेली मालिका

ही बहुधा आठ-दहा भागांची असते. एकेक भाग अर्धा ते पाऊण तासाचा, शेवटी पुढच्या भागाची ओढ लावणारा. विषयांत गुन्हा, रहस्य, भयकथा आणि प्रेमकथा यांचं प्रमाण मोठं. लिहिणाऱ्याला श्रोता कणीक मळतोय किंवा गाडी चालवतोय हे ठाऊक असतं, म्हणून वाक्यं लहान असतात, पात्रांची नावं वारंवार येतात, नवं पात्र आलं की त्याची ओळख ताबडतोब होते. ऑडिओबुकची अजिबात सवय नसलेल्या माणसाला मी पहिल्यांदा हेच ऐकायला देईन, कारण लक्ष जरा उडालं तरी धागा हातात राहतो.

उणीव त्याच गुणातून येते. सगळं सांगून टाकल्यामुळे आपल्याला स्वतःहून काही ओळखायला उरत नाही. सातव्या-आठव्या भागाच्या आसपास गोष्ट ताणली जाते, आणि तो ताण लिहिणाऱ्याला भागांची संख्या भरून काढायची असल्याचा असतो. शिवाय बहुतेक गोष्टी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये घडतात. विदर्भ आला तर जंगल, वाघ किंवा शेतकऱ्याची आत्महत्या यांच्यापुरता. नागपूरच्या धरमपेठेत राहणारं, मिहानमध्ये नोकरी करणारं, गोकुळपेठेत भाजी घेणारं साधं कुटुंब या मालिकांत मला फार क्वचित भेटलं. मालिका लिहून घेणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

नाट्यरूप

याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, आणि श्रुतिका, नभोनाट्य ऐकत मोठी झालेली पिढी अजून शहरात आहे. अशा घरात नाट्यरूप लगेच रुजतं. पात्रं ओळखू येतात, दार वाजतं, पाऊस पडतो, सगळं समोर उभं राहतं.

माझी तक्रार पार्श्वसंगीताबद्दल आहे. जुन्या नभोनाट्यांत संगीत प्रसंग बदलायला यायचं आणि जायचं. आता ते संवादाखाली सतत वाहत असतं, आणि साठी ओलांडलेल्या कानांना शब्द वेगळे काढणं कठीण जातं. आईवडिलांसाठी निवडत असाल तर ही बाब सगळ्यात महत्त्वाची माना. शिवाय कादंबरीचं नाट्यरूप करताना वर्णन गळतं, निवेदन गळतं, उरतात संवाद. कथानकाच्या जोरावर चालणाऱ्या पुस्तकाचं त्यात फारसं बिघडत नाही. पण भाषेसाठी वाचावी अशी कादंबरी नाट्यरूपात ऐकून 'वाचली' असं मी म्हणणार नाही.

बोलीचा प्रश्न

इथं मी थोडी थांबणार आहे, कारण आपल्याकडच्या श्रोत्याचा निर्णय बरेचदा यावरच ठरतो. विदर्भातली कादंबरी बोलीत लिहिली जाते ही जुनी गोष्ट आहे. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही पुस्तकं कागदावर वाचताना आपण मनातल्या मनात हेल बरोबर लावतो. ऐकताना तो हेल निवेदकाच्या हातात जातो.

आणि विदर्भाची बोली एक नाही. अकोला-बुलढाण्याकडे डोळ्याचा 'डोया' होतो, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत त्याचाच 'डोरा'. नागपूर शहरात हिंदीची सावली पडलेली, 'जाऊन राहिलो, करून राहिलो'ची तिसरीच चाल. बाहेरचा निवेदक या सगळ्यांची एक सरमिसळ करतो, त्यावर थोडा विनोदी झटका देतो, आणि गंभीर प्रसंगातला शेतकरी हास्यकवी संमेलनातला वाटायला लागतो. हे ऐकताना मला नुसतं खटकत नाही, वाईट वाटतं. ज्या माणसाच्या घरावर कर्जाची नोटीस आली आहे त्याच्या तोंडी हसू आणणारा हेल घालणं हा त्या पात्रावरचा अन्याय आहे.

बोली येत नसेल तर निवेदकानं प्रमाण उच्चारात सरळ वाचावं. शब्द लेखकाचे आहेत, ते पुरेसे बोलके असतात. ज्यांच्या जिभेवर बोली जन्मापासून आहे असे आवाजही काही कमी नाहीत. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी रंगभूमीवर रात्रभर प्रयोग करणारे कलाकार आहेत. त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. अशा कलाकारांना स्टुडिओत बसवून मोठी कादंबरी वाचून घेतली, तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

यंत्राच्या आवाजात वाचलेल्या कादंबऱ्यांबद्दल थोडक्यात. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते वेगळे दाखवत नाहीत. यंत्र तिथं अडखळतं, आणि 'जग' म्हणजे दुनिया की 'जग' म्हणजे जगत राहा, हे दर वेळी श्रोत्याला सावरून घ्यावं लागतं. माहितीच्या पुस्तकाला चालेल, कादंबरीला नाही.

कुठे ऐकणार?

एप्रिल ते जून घरात कूलर चालू असतो, आणि त्या आवाजात मोबाइलच्या स्पीकरवर काहीही ऐकू येत नाही. इअरफोन घालावाच लागतो. मग घरच्या सगळ्यांनी मिळून नाट्यरूप ऐकायचा बेत हिवाळ्यावर जातो. उन्हाळ्याच्या दुपारी मला एका आवाजातली संथ कादंबरीच झेपते.

नागपूर मेट्रोनं जाणाऱ्यांचं गणित निराळं. खापरीकडून बर्डीला येणारे असोत की लोकमान्य नगरकडून, हातात मिळतो अर्धा-पाऊण तास, आणि पुढे गाडी बदलायची असेल तर तोही तुटलेला. त्यात मालिकेचा एक भाग बसतो, आणि त्याहून छान बसते कथा. मराठीची खरी ताकद कथेत आहे, आणि वीस-पंचवीस मिनिटांची कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकण्याचं समाधान कादंबरीच्या तुकड्यांत मिळत नाही. कथासंग्रह ऑडिओच्या याद्यांत मागे पडलेले असतात, पण शोधा.

समृद्धी महामार्गाची गोष्ट अजून वेगळी आहे. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, रस्ता सरळ, गाडी एका लयीत, डोळ्यांवर झापड येते. तिथं संथ, अंतर्मुख कादंबरी लावू नका. रहस्यमालिका किंवा नाट्यरूप लावा, आणि घरून निघण्याआधीच डाउनलोड करून ठेवा. झोप येतच असेल तर कुठलीही गोष्ट उपयोगाची नाही, गाडी थांबवा.

ॲप आणि पैसा

स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात २०१७ मध्ये आली, ॲमेझॉनची ऑडिबल सेवा २०१८ मध्ये. मराठी कथा-कादंबऱ्यांचा साठा स्टोरीटेलवर ऑडिबलपेक्षा बराच मोठा आहे, त्यामुळे फक्त मराठीच ऐकायचं असेल तर फार विचार करायची गरज नाही. ऑडिबलवर इंग्रजीचं पारडं जड. घेण्याची पद्धतही निराळी आहे. स्टोरीटेलच्या अमर्याद योजनेत महिनाभर हवं तेवढं ऐका, वर्गणी थांबली की पुस्तकं थांबली. ऑडिबलवर सदस्यत्वासोबत मिळणारं क्रेडिट देऊन घेतलेलं पुस्तक सदस्यत्व सोडल्यावरही आपल्या खात्यात राहतं. रोज तासभर ऐकणाऱ्याच्या महिन्यात दोन-तीन कादंबऱ्या होतात, त्याला अमर्याद योजना परवडते. महिन्याला एखादंच पुस्तक, तेही पुन्हापुन्हा ऐकणाऱ्यानं क्रेडिटकडे जावं.

कुकू एफएम आणि पॉकेट एफएम ही २०१८ मध्ये सुरू झालेली ॲप्स छोट्या-छोट्या भागांवर चालतात. पॉकेट एफएमवर पुढचे भाग उघडायला कॉइन, म्हणजे ॲपमधली नाणी, लागतात. छापील साहित्यातली आजची कादंबरी शोधणाऱ्याच्या हाती तिथं थोडंच लागेल.

राहिलं यूट्यूब. तिथं उत्साहानं केलेली अभिवाचनं खूप आहेत, काही आवाज तर पैसे घेणाऱ्या ॲपपेक्षा सरस. पण आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं, ते कोणीही वाचावं आणि कोणीही ऐकावं. हयात लेखकाची कादंबरी परवानगीशिवाय कोणी पूर्ण वाचून टाकली असेल तर ती मी ऐकत नाही. मराठी लेखकाला पुस्तकातून मिळतं ते मुळात थोडं, त्यातलंही आपण कापायचं का?

घरात दृष्टी गेलेलं कोणी असेल, तर वर्गणीच्या आधी २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा. ते छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच आहे. बाकीच्यांनी आवडलेल्या पुस्तकाचा नमुना ऐकताना पहिली दोन मिनिटं सोडून द्यावीत, कारण तेवढा भाग सगळेच निवेदक जपून वाचतात. मधला एखादा लांब संवाद ऐकावा, शक्यतो दोन बायकांमधला. तो आवाज दहा तास कानाजवळ सहन होईल असं वाटलं, तर पुस्तक घ्यावं.