एनआयएच रिपोर्टर: व्यसन आणि मेंदूवरच्या संशोधनाचा पैसा शोधायचा असेल तर

माझा मामा दारूनं गेला तेव्हा मी दहावीत होते. ‘मनावर घेतलं असतं तर सुटली असती,’ असं भेटायला येणारा प्रत्येक जण आईला ऐकवून गेला. आज मी पिट्सबर्गला पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करते. अफूजन्य औषधं मेंदूच्या पेशींचं काय करतात, हे माझं काम. दोन महिने झाले, रोज रात्री एनआयएच रिपोर्टर ही साइट उघडते.

अमेरिकेच्या एनआयएचनं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, कुणाला, कोणत्या विद्यापीठात, कोणत्या वर्षी किती डॉलर दिले, ते इथं दिसतं. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. आधी प्रकल्पाचा क्रमांक वाचायला शिका. ‘डीए’ दिसलं की पैसा नायडाचा, म्हणजे व्यसनांवरच्या संशोधनासाठी १९७४ साली निघालेल्या संस्थेचा. ‘यू०१’ हा अनुदानाचा एक प्रकार; तो असेल तर पैसे देणाऱ्या संस्थेची माणसंही कामात उतरतात.

मी यू०१च शोधत होते. मेंदूचा तुकडा अख्खा वाटून मोजला तर सगळ्या पेशींची सरासरी हाती येते, आणि खरा प्रश्न तर कोणती पेशी हाच असतो. उदाहरणार्थ, अफूपासूनचं मॉर्फीन डोपामिनच्या (मेंदूतलं, व्यसनाशी जोडलेलं एक रसायन) पेशींना आवरून धरणाऱ्या पेशींना गप्प करतं, म्हणून डोपामिन वाढतं. दान केलेल्या, गोठवलेल्या मेंदूत पेशी धड राहत नाहीत, केंद्रक टिकतं; मग केंद्रकं वेगळी काढून एकेकाचा आरएनए वाचायचा, म्हणजे त्या पेशीत कोणती जनुकं चालू होती ते कळतं. मेंदूपेढी एका गावी, सिक्वेन्सिंग (हे आरएनए वाचण्याचं काम) दुसऱ्या, आकडेमोड तिसऱ्या. एकट्या लॅबला हे झेपत नाही. एचआयव्ही आणि अफूजन्य पदार्थ एकत्र आले की पेशी कशा बदलतात, हे बघणाऱ्या ‘स्कॉर्च’ गटाचे प्रकल्प मी इथंच एकेक करून वाचले.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते ‘मॅचमेकर’. तुमच्या प्रस्तावाचा मजकूर त्यात टाका (१५,००० अक्षरांपर्यंत चालतो), मिळतेजुळते प्रकल्प आणि ते सांभाळणारे अधिकारी समोर येतात. ईमेल कुणाला करायचं हे मला तिथूनच कळलं. मंजूर न झालेले प्रस्ताव मात्र इथं नसतात, तेव्हा विषय सापडला नाही म्हणून खचू नका.

प्रत्येक प्रकल्पाखाली लोकांना याचा काय उपयोग, ते दोन-तीन सोप्या वाक्यांत लिहिलेलं असतं. परवा मी दारूवरचे प्रकल्प काढले, त्यांचा कोड ‘एए’, आणि फोनवर आईला मराठीत सांगत गेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अजून एक वाच.’